१९६६ चा फेंडर बेस फाइव्ह चालून आलाय. रोजच्या कामाला घ्यावा का?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं चार तारांचा प्रिसिजन (फेंडरचीच बेस गिटार) वाजवतोय. बहुतेक काम समोर चार्ट (लिहिलेलं संगीत) ठेवून वाजवायचं असतं. ओळखीतल्या एका ज्येष्ठ वादकांनी आता वाजवणं थांबवलंय. त्यांनी त्यांचा १९६६ चा फेंडर बेस फाइव्ह, म्हणजे पाच तारांची बेस गिटार, विकायला काढला आणि सगळ्यांत आधी मला विचारलं. परवा जाऊन हातात घेऊन आलो.

सनबर्स्ट रंग, नेकच्या कडेने बाइंडिंग, हेडस्टॉकवर पाचही ट्यूनर एका ओळीत. पण एकूण प्रकार चमत्कारिक दिसतो. बॉडी लांबच लांब आणि नेक मध्येच संपल्यासारखी. मोजले तर फ्रेट (नेकवरच्या आडव्या पट्ट्या) फक्त पंधरा! आणि पाचवी तार खालची बी नाही, वरची सी आहे. म्हणजे ई, ए, डी, जी, सी.

आवाज ऐकून जीव अडकलाय हे खरं. जी आणि सी या दोन तारांवर असं काहीतरी गोड वाजतं जे माझ्या प्रिसिजनवर कधी निघालं नाही. पण डोकं म्हणतंय की हे वाद्य १९७० मध्ये बंद पडलं, ते काही उगाच नाही. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा. रोजच्या कामाला चालेल का? पंधरा फ्रेट नडतात का? आणि तारा बदलून बी, ई, ए, डी, जी करता येईल का? तसं झालं तर दोन्ही हौशी भागतील.

टुकटुक

घेऊन टाक रे! विचारतोस काय? लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सकडे होता म्हणजे काही कमअस्सल वाद्य नसणार. नाहीच जमलं तर भिंतीवर लाव आणि मला फोटो पाठव.

फ्लॅटवाउंडताई

भिंतीवर लावायला गिटारचं कॅलेंडर मिळतं, टुकटुक.

मंद्रसप्तक, माझ्याकडे ६५ सालचा आहे आणि तो मी अजून वाजवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी पंधरा फ्रेटचं बघू, कारण या वाद्याचे गुण काय आणि दोष काय, सगळं तिथूनच निघतं.

तुझ्या प्रिसिजनला वीस फ्रेट आहेत. जी तारेवर विसावा दाबलास की ई-फ्लॅट मिळतो. आता बेस फाइव्हच्या सी तारेवर पंधरावा दाब. तोच ई-फ्लॅट, त्याच सप्तकातला, ३११ हर्ट्झच्या आसपास. खाली मोकळी ई दोन्हीकडे एकच, ४१ हर्ट्झ. म्हणजे तार एक वाढली, फ्रेट पाच घटले आणि एकूण सूर तेवढेच राहिले. वर एक नाही, खाली एक नाही. ज्याने हे आखलं त्याने हिशेब चोख केला होता. चार तारांवर जे वाजतं तेवढंच वाजवायचं, पण डाव्या हाताला नेकवर धावायला न लावता. चार्ट वाचणाऱ्याची नजर कागदावर असते, तेव्हा हात पाचव्या फ्रेटजवळ बसून राहिला तर बरंच पडतं. जी तारेवर बाराव्या फ्रेटला जो सूर आहे तो इथे सी तारेवर सातव्याला मिळतो.

पण गंमत अशी की सूर तोच असला तरी आवाज तो नाही. हेच तुझ्या कानाला लागलंय. दोन्ही बेस ३४ इंची स्केलचे, म्हणजे मोकळी तार तेवढी लांब वाजते. जी तारेच्या बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलंस की वाजायला तार उरते १७ इंच. सी तारेच्या सातव्या फ्रेटवर तोच सूर दाबलास की उरते जवळजवळ पावणेतेवीस इंच, आणि तीही बारीक तार. त्यामुळे सूर जास्त वेळ टिकतो, वरचे हार्मोनिक स्पष्ट येतात, टोकाला एक चकाकी येते. अगदी वर, त्या शेवटच्या ई-फ्लॅटवर, प्रिसिजनला तार उरते पावणेअकरा इंचांच्या आत. तिथे सूर येतो तो लाकडी, ठक् करून विझणारा. इथे सव्वाचौदा इंचांहून थोडी जास्त उरते, त्यामुळे सूर गातो.

आता उलट बाजू ऐक. जी तारेच्या बाराव्या फ्रेटला जो भरलेला, थोडा घोगरा गळा आहे ना, तो मला सी तारेवर कधीच मिळाला नाही. तो हवा असेल तर हात पुन्हा वर न्यावाच लागतो आणि मग पाचव्या तारेचं प्रयोजन काय? मी फ्लॅटवाउंडवाली (सपाट गुंडाळीच्या तारा लावणारी) बाई, मला तो घोगरा गळा लागतो. म्हणून माझ्या प्रिसिजनला रिटायरमेंट मिळालेली नाही.

मग बेस फाइव्ह कशाला ठेवलाय? दशमांसाठी. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला सी धर आणि त्याच वेळी पाचव्या तारेवर चौथ्या फ्रेटला ई. मधल्या दोन तारा सोडून द्यायच्या. मूळ स्वर आणि सप्तकापलीकडचा गंधार. हा आकार प्रिसिजनवरही आहे, ई तारेवर आठवा आणि जी तारेवर नववा. पण तिथे खालचा सी जाड ई तारेवर, वर चढून वाजवायचा, त्यामुळे तो गढूळ येतो. इथे तोच सी ए तारेवर, खालच्या फ्रेटला, मोकळ्या अंगाने येतो आणि वरचा ई बारीक तारेवर उठून दिसतो. बरोबर कीबोर्ड नाही, गिटार नाही, फक्त गाणारी आणि ड्रम, अशा ठिकाणी मी याच्यावर अख्खं गाणं पेलते. दुसऱ्या कुठल्या बेसवर माझी तशी हिंमत झाली नसती.

दोष आता. पहिला आणि सगळ्यांत मोठा म्हणजे दाटी. आजच्या पाचतारी बेसवर ब्रिजपाशी दोन तारांमध्ये साधारण १७ ते १९ मिलिमीटर अंतर असतं. इथे त्याहून बरीच कमी जागा आहे. बोटांनी वाजवणाऱ्याचं बोट पुढच्या तारेवर आपटतं. अंगठ्याने स्लॅप करणार असशील तर विसरच. प्लेक्ट्रमने मात्र फार छान चालतो आणि ब्रिजजवळ तळवा टेकवून दाबून वाजवला तर त्याहून छान. मला वाटतं या बेसचा खरा स्वभाव तोच आहे.

दुसरा दोष, चार तारांची सवय. ती कशी त्रास देते ते तुला वाजवताना कळेलच, मी सांगून उपयोग नाही.

आणि खालच्या बीबद्दल: नको. कारण सोल्डरबाबा सांगतील, ते माझ्यापेक्षा सभ्य भाषेत सांगतात.

सोल्डरबाबा

ताईंनी पास दिलाय तर घेतो.

बी, ई, ए, डी, जी लावलं तर काय होतं ते आधी सुरांत बघ. वरची तार जी झाली आणि फ्रेट पंधराच, म्हणजे शेवटचा सूर बी-फ्लॅट. प्रिसिजनपेक्षा वरचे पाच सूर गेले आणि खाली पाच मिळाले. आता लोखंड-लाकडाचं बघ. नटमध्ये (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) जिथे ०.१०५ इंचांची ई बसते तिथे ०.१३० च्या आसपासची बी बसवायची, तर खाच कानशीने रुंद करावी लागणार. नंतर परत मूळ तारा लावल्यास की ई त्या खाचेत खुळखुळते आणि नट नवं करावं लागतं. सगळ्या तारा एक-एक घर सरकल्याने पाचही खाचांचं हेच होणार. शिवाय पिकअप आणि ब्रिज ज्या तारांसाठी केले त्या या नव्हेत. साठ वर्षं जुन्या वाद्यावर हे करू नये, आणि करून मिळणारी बी ढिसाळच असेल.

यातच तुझ्यासाठी एक तपासणी आहे. बेस बघायला परत जाशील तेव्हा भिंग घेऊन नट बघ. खाचा तारांपेक्षा रुंद दिसल्या किंवा कानशीचे ताजे ओरखडे दिसले तर आधी कुणीतरी बीचा प्रयोग करून बसलंय. नट नवं असणं हा काही गुन्हा नाही, पण मालकाने ते सांगायला हवं.

साल तपासायचं तर नेक काढावी लागेल. टाचेवर (नेकचं बॉडीत बसणारं टोक) महिना आणि वर्षाचा शिक्का असतो, तो सर्वांत भरवशाचा. पॉटवरचे (आवाजाच्या बटणाखालच्या सुट्या भागावरचे) आकडे पण बघ. ३०४ ने सुरुवात असेल तर स्टॅकपोलचा पॉट, १३७ असेल तर सीटीएसचा. शेवटचे चार आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, म्हणजे ६६२५ दिसलं तर १९६६ चा पंचविसावा आठवडा. यात एक मेख आहे. कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने घेतली आणि त्यानंतर पॉटचा इतका मोठा साठा भरून ठेवला गेला की ६६ चे पॉट पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गिटारांतही सापडतात. तेव्हा पॉटवरून एवढंच म्हणता येतं की वाद्य त्याच्या आधीचं नाही. सोल्डरचे टाके मूळचे आहेत की कुणी नंतर गरम केलेत हे मात्र डोळ्याला कळतं. जुना टाका मळकट आणि निवांत दिसतो.

ट्रस रॉडबद्दल (नेकमधली, तिचा बाक सुधारणारी सळई) कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. त्या काळच्या फेंडरची ट्रस रॉड टाचेकडून फिरवायची असते. म्हणजे नेक जरा वाकली की तारा ढिल्या करा, नेक सोडवा, पाव फेरा द्या, परत बसवा, तारा ताणा, बघा, आणि नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून. हवा बदलली की हे आलंच. रोजच्या कामाचं वाद्य म्हणशील तर हा विचार कर. आणि पिकअप, ब्रिज, पिकगार्ड यांतलं काहीही गेलं तर प्रिसिजनचं किंवा फेंडरच्याच जॅझ बेसचं आणून लावता येत नाही. पाच तारांचं त्या मापाचं दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतंच. पिकअप मेला तर तोच परत गुंडाळून घ्यायचा.

शेवटचं, सीमापार कुठे वाजवायला जात असशील तर. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फेंडरच्या फिंगरबोर्डवर ब्राझिलियन रोझवूड असू शकतं. ते झाड १९९२ पासून साइटिस या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझिलियनला नाही. ६६ चं वाद्य दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला पडू शकतं, म्हणून लाकूड ओळखणाऱ्याला दाखवून घे आणि कागदपत्रं असतील तर मागून घे.

सहातारी

एवढा खटाटोप कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. सी तार हवी ना? सरळ सहा तारांचा बेस घे. बी पासून सी पर्यंत सगळं, वर चोवीस फ्रेट, ट्रस रॉड हेडस्टॉककडून फिरते, पिकअप बाजारात मिळतो. अँथनी जॅक्सनने १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बनवून घेतला तेव्हाच हा विषय संपला. जिमी जॉन्सनने १९७६ मध्ये अलेम्बिककडून खालच्या बीचा पाचतारी करून घेतला आणि जगाने पाच तारा म्हणजे काय ते ठरवून टाकलं. बेस फाइव्ह ही फाटा चुकलेली वाट आहे. जुनं आहे म्हणून सोनं होत नाही.

फ्लॅटवाउंडताई

सहातारी, तुझ्या म्हणण्यातलं निम्मं मान्य. इतिहासाने बीच्या बाजूने कौल दिला हे खरंच आहे आणि तो बरोबरही होता. सिंथ बेस खाली उतरायला लागल्यावर बेसवाल्याला खालीच जायचं होतं, वर कोण जातंय?

पण सहा तारांचा नेक माझ्या हातात मावत नाही. माझा तळवा लहान आहे. बी तारेवर अंगठा वळेपर्यंत मनगट बोलायला लागतं. बेस फाइव्हचा नेक साध्या चार तारांच्या नेकच्या जवळचा वाटतो. जी दाटी उजव्या हाताला छळते तीच डाव्या हाताचं भलं करते. ज्याचे हात मोठे त्याला हे कळायचं नाही आणि त्याने हा बेस घेऊही नये.

शिवाय तू चोवीस फ्रेटचं सांगतोस. बेसवर विसाव्याच्या पुढे मी काय वाजवणार आहे? तिथे व्हायोलिनवाले बसलेत.

मंद्रसप्तक, टुकटुकने जोन्सचं नाव घेतलं म्हणून एक सांगते. मोटाउनच्या बेसवादक जेम्स जेमर्सनकडेही पुढे एक बेस फाइव्ह होता. पण त्याच्या ज्या ओळी आपण सगळे तोंडपाठ करतो त्यांच्यामागे नाव येतं ते १९६२ च्या प्रिसिजनचं. त्यावर फ्लॅटवाउंड तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट. थोरामोठ्यांच्या घरात काय होतं यावरून खरेदी ठरवायची नाही. त्यांनी काय झिजवलं ते बघायचं.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. काल परत गेलो होतो. काकांनी दुपारभर वाजवू दिलं, चार्टही घेऊन गेलो होतो.

ताई, सवयीबद्दल तुम्ही जे अर्धवट सोडलंत ते पहिल्या पानावरच कळलं. माझ्या बोटांना ठाऊक आहे की सर्वांत बारीक तार म्हणजे जी. नजर कागदावर, आणि हात आपोआप शेवटच्या तारेवर. म्हणजे दर वेळी जी ऐवजी सी, पाच सूर वर! खालून मोजत गेलं, ई पासून, तर बरोबर येतं. पण मी इतकी वर्षं वरून खाली बघत आलोय हे मला माहीतच नव्हतं. काका हसत होते. म्हणाले, त्यांनी सुरुवातीला सी तार काढूनच ठेवली होती, ई ते जी नीट बसल्यावर मग लावली.

दशमं लावून पाहिली. ती ए तारेवरची सी आणि वरचा ई. विषयच संपला. खोलीत दुसरं काहीच वाजत नव्हतं आणि कशाची गरजही वाटली नाही.

पण बोटांनी वाजवताना उजव्या हाताची चांगलीच दमछाक झाली. माझं नव्वद टक्के काम बोटांनीच आहे. प्लेक्ट्रमने छान वाटलं, मात्र सध्या ज्यांच्याबरोबर वाजवतो त्यांना तो आवाज चालेल असं वाटत नाही.

नट जुनंच वाटतं, खाचा घट्ट आहेत. पॉट ३०४ ने सुरू होतो, पुढचे आकडे धुळीखाली आहेत. नेक काढायला काका पुढच्या भेटीत हो म्हणालेत, मात्र स्क्रूड्रायव्हर ते स्वतः धरणार. बीचा विचार पूर्ण सोडला.

टुकटुक

म्हणजे घेणार?

मंद्रसप्तक

प्रिसिजन विकून नाही घेणार, एवढं नक्की. दोन्ही ठेवणं परवडलं तर घेईन. काकांना घाई नाही.

ताई, एक विचारायचं राहिलं. त्यांच्या बेसवरची सी फारच ढिली लागत होती. जरा जोरात वाजवली की फ्रेटवर खडखडते आणि सूर आधी वर जाऊन मग खाली येतो. अॅक्शनचा (तारा फ्रेटपासून किती वर आहेत त्याचा) दोष की तारेचा?

फ्लॅटवाउंडताई

बहुतेक तारेचा. सी म्हणून सहसा ०.०३० ची तार विकली जाते आणि ती तुझ्या जीच्या मानाने ढिली पडते. जी ०.०४५ ची असेल तर तेवढाच ताण यायला सी हिशेबाने ०.०३४ च्या जवळ हवी. ०.०३२ मिळते, ०.०३५ पण मिळते. मी ०.०३२ लावते, कारण ०.०३५ ला ती चकाकी थोडी मरते आणि चकाकीसाठीच तर हे सगळं. सहा तारांच्या सेटमधली सी घेतलीस तरी चालेल, फक्त तारेची लांबी आधी विचारून घे, या हेडस्टॉकवर शेवटचा ट्यूनर लांब आहे.

फ्लॅटवाउंडमध्ये सी शोधत बसू नकोस. मिळाली तर मला कळव, मी दोन घेईन.

आणि तार बदलल्यावरही खडखडली तर मग सोल्डरबाबांचा ट्रस रॉडचा परिच्छेद पुन्हा वाच. नेक काढायचीच आहे तर पाव फेरा त्याच बैठकीत देऊन टाका, परत परत ते चार स्क्रू उघडू नका. जुन्या लाकडातली भोकं सैल होतात.